सामानाबरोबर आलेल्या अध्यक्षा

१७ जून १९८८, शुक्रवार. वर्षाच्या गव्हाला एरंडेल चोळायचं काम चाललं होतं. ओसरीत जुनं धोतर अंथरलेलं, त्यावर अर्धं पोतं गहू आणि माझे हात मनगटापर्यंत तेलकट. तारीख पाठ आहे ती माझी स्मरणशक्ती दांडगी आहे म्हणून नव्हे. आमच्या महिला मंडळाच्या ठरावांच्या वहीत ती माझ्याच अक्षरात आहे आणि त्या पानावर तेलाचा डागही आहे.

मंडळाची मी चिटणीस. जळगावात मेहरूणच्या बाजूला आमचं मंडळ एक बालवाडी चालवायचं. पालिकेची एक खोली, पुढे पत्र्याची पडवी, अठ्ठावीस मुलं. त्यांच्या आया डाळ मिलमध्ये कामाला. सकाळी आठला मुलं सोडायच्या, संध्याकाळी घेऊन जायच्या. बालवाडीच्या बाई जवळच्याच बौद्ध वस्तीत राहायच्या. मॅट्रिक झालेल्या, आवाजाने करड्या, मुलांची नाकं स्वतःच्या पदराने पुसणाऱ्या. खोली उघडणं, झाडणं, माठ भरणं, शिकवणं, रडणाऱ्याला गप्प करणं, उरलेल्याला घरी पोचवणं हे सगळं त्या करायच्या. मग मंडळ काय करायचं? मंडळ अध्यक्ष निवडायचं.

अध्यक्ष या शब्दाची मला लहानपणापासून चांगली ओळख. माहेर धुळ्याचं, वडिलांचा मंडपाचा धंदा. सभेला दोनशे लोखंडी खुर्च्या जायच्या आणि एक लाल मखमलीची, हातावर सिंह कोरलेली. ती वेगळ्या हातगाडीवरून, चादरीत गुंडाळून. तिच्यावर कोण बसणार हे पत्रिकेत छापलेलं असायचं, फलकावर लिहिलेलं असायचं, गृहस्थ येऊन तिच्यावर बसलेलेही असायचे; तरीसुद्धा एक जण उठून म्हणायचा, ‘आजच्या सभेचं अध्यक्षस्थान अमुकअमुक यांनी भूषवावं अशी मी सूचना करतो.’ मग तिसऱ्या रांगेतला दुसरा उठायचा, ‘या सूचनेला मी अनुमोदन देतो.’ टाळ्या. बसलेले गृहस्थ आत्ताच कळल्यासारखा चेहरा करायचे. एकदा अनुमोदनवाला डुलकीतून दचकून जागा झाला आणि त्याने सूचनेच्या आधीच अनुमोदन देऊन टाकलं. टाळ्या तेवढ्याच पडल्या. वडील मंडपाच्या मागे उभे राहून मला म्हणाले, ‘खुर्ची भरली ना? बस. आपलं भाडं सुटलं.’

जळगावात आले तोवर हा शब्द गल्लोगल्ली झाला होता. गणपती मंडळाचा अध्यक्ष, त्याच्याशी न पटून निघालेल्या दुसऱ्या मंडळाचा संस्थापक अध्यक्ष, कोणी रुसू नये म्हणून केलेला कार्याध्यक्ष, त्याच्या मेहुण्यासाठी स्वागताध्यक्ष. आमच्या गल्लीतल्या एका मंडळात अध्यक्ष चार आणि आरतीला येणारे तीन होते. चौथा कोण, हे मी विचारलं नाही.

आमच्या महिला मंडळाची रीत वेगळी, पण अक्कल तीच. आमचं अध्यक्षपद एका बंगल्याला चिकटलेलं होतं. तलावाच्या रस्त्यावर एका मोठ्या सरकारी साहेबांचं निवासस्थान होतं. तिथे जे साहेब येतील त्यांच्या मिसेस आमच्या अध्यक्षा. साहेबांची बदली झाली की अध्यक्षांचीही बदली. नवा ट्रक आला की पाच जणींनी खण-नारळ घेऊन जायचं, दारातच ओटी भरायची, तिथेच सूचना, तिथेच अनुमोदन, आणि वहीत सही. सभासद म्हणून नाव आणि अध्यक्ष म्हणून नाव एकाच ओळीत. एवढी घाई का, तर दुसऱ्या टोकाच्या भगिनी मंडळाने एकदा आमच्या आधी ट्रक गाठला होता आणि आमचं मंडळ अडीच वर्षं अध्यक्षाविना तोंड लपवत फिरलं होतं.

त्या जूनला मात्र घाईला खरंच कारण होतं. आधीच्या अध्यक्षा मे महिन्यातच साहेबांबरोबर नांदेडला गेल्या आणि मागोमाग पालिकेचं पत्र आलं. बालवाडीची खोली एका व्यायामशाळेने मागितली होती. आमचा करार संपलेला. मंडळाला खोली हवी असल्यास विद्यमान अध्यक्षांनी शनिवारी बाराच्या आत समक्ष हजर राहून अर्जावर सही करावी, अन्यथा खोली व्यायामशाळेला देण्यात येईल. व्यायामशाळेचे संस्थापक अध्यक्ष एका नगरसेवकाचे भाचे होते. अर्ज मी लिहून ठेवला होता. सहीच्या जागी रिकामी रेघ. बालवाडीच्या बाई रोज विचारायच्या, ‘अध्यक्ष आल्या का?’ मी म्हणायचे, ‘ट्रक यायचाय.’

तर मी गहू चोळत असताना आमच्या उपाध्यक्षा, बँक मॅनेजरांच्या मिसेस, फाटकातून ओरडल्या, ‘अहो, चला! ट्रक आला! भगिनी मंडळवाल्या निघाल्यात म्हणे!’

मी हात कसेबसे पुसले, वही काखेत मारली आणि निघाले.

बंगल्याच्या आवारात ट्रक उभा होता आणि एक बाई हमालांना कामाला लावत होत्या. पन्नाशीच्या, उंच, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, साधं पण स्वच्छ सुती लुगडं. ‘अरे भाऊ, कपाट आडवं नको! आरसा शे त्याले! पहिले गादी टाक, मंग त्यावर ठेव!’ तीन हमाल आणि ड्रायव्हर त्यांच्या शब्दावर हलत होते. इतकी हुकमत आम्ही आधीच्या एकाही साहेबांच्या मिसेसमध्ये पाहिलेली नव्हती. बोली खानदेशी होती, पण उपाध्यक्षा माझ्या कानात म्हणाल्या, ‘आपल्याकडच्याच आहेत. छान झालं. आणि किती साध्या बघा! खरी श्रीमंती अशीच असते.’

पाच मिनिटांत उरकलं. हळदकुंकू, ओटी, नारळ, गजरा. एकीने सूचना केली, दुसरीने अनुमोदन दिलं, टाळ्या झाल्या, हमालांनीही वाजवल्या. बाई जराशा मागे सरकल्या, पण पदर मात्र पुढे धरला. भरती ओटी कोणी नाकारत नाही. मी वही पुढे केली.

‘कसानी सही?’

‘आपलं स्वागताचं आहे,’ उपाध्यक्षा म्हणाल्या.

त्यांनी ठळक, सुटी सुटी अक्षरं काढत पूर्ण नाव लिहिलं. तेवढ्यात जीप आली. साहेब उतरले. आम्ही सगळ्या हसून उभ्या.

साहेब म्हणाले, ‘मावशी, गॅस जोडून झाला का? चहा ठेवा बरं. ह्या कोण?’

मावशी म्हणाल्या, ‘गावन्या बाया शेतस, साहेब. मनी ओटी भरी.’

मग सगळं बाहेर आलं. साहेबांच्या मिसेस पुण्याला कॉलेजात शिकवत होत्या. नोकरी सोडून त्या कुठल्याही ट्रकमागे फिरणार नव्हत्या. मावशी पारोळ्याच्या, साहेबांच्या आधीच्या मुक्कामापासून त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या. सही त्यांनी केली ती सामान पोचल्याची म्हणून. सकाळपासून ड्रायव्हरने दोनदा घेतलीच होती. आणि ओटीचं? ‘माले वाटनं, मोठं गाव शे, आठली रीत व्हई.’

आम्ही परत निघालो. कोपऱ्यावर आल्यावर उपाध्यक्षा म्हणाल्या, ‘ते पान फाडा.’

‘पानांना नंबर आहेत.’

‘मग खोडा.’

‘खोडलं तर खाली अध्यक्षांची सही लागते,’ मी म्हटलं. ‘अध्यक्ष आत्ता चहा ठेवतायत.’

दुपारी उपाध्यक्षांच्या घरी तातडीची बैठक झाली. पोहे होते. मी सरळ विषय काढला. उद्या बाराच्या आत सही लागणार. पान रद्द करू, पण मग दुसरं कोणीतरी अध्यक्ष व्हा. आत्ता, इथे.

उपाध्यक्षा म्हणाल्या, ‘मला आवडलं असतं हो. पण ह्यांनी बजावून ठेवलंय, कुठल्याही कागदावर सही करायची नाही. बँकेचं असतं ना.’

वकिलांच्या मिसेस म्हणाल्या, ‘त्या नगरसेवकांची केस आमच्याकडेच आहे.’

तिसरी म्हणाली, ‘मी चालले भुसावळला, भाच्याच्या मुंजीला.’ मुंज कधी आहे ते तिला सांगता येईना.

चौथीने मला खरं काय ते सांगितलं. ‘अक्का, व्यासपीठावर बसायला सांग, मी येते. पालिकेत जाऊन त्या पोरांशी तोंड कोण देणार?’

‘मग बालवाडीच्या बाईंना करू या का?’ मी म्हटलं. पोहे खाणारे चमचे थांबले. नियमात पगारी माणूस बसत नाही हे मला माहीत होतं, त्यांनाही माहीत होतं. पण चमचे नियमासाठी थांबले नव्हते, हे मला त्यांच्या तोंडावर दिसलं. दहा वर्षांत हे नाव आजच निघालं होतं, आणि काढणारीनेही ते न होण्यासारखं असल्यामुळेच काढलं होतं. तेही लिहून ठेवते.

‘तुम्हीच का होत नाही?’ उपाध्यक्षांनी विचारलं.

मी शाळेत कारकून, त्या दिवशी गव्हासाठी रजेवर. शाळा ज्या संस्थेची तिच्या परवानगीशिवाय मला अध्यक्ष होता येत नव्हतं आणि परवानगीला महिना लागत असे. हे कारण खरं होतं. इतरांचीही कारणं त्यांना खरीच वाटत असणार.

घटना पाहायला मी नानांकडे गेले. नाना म्हणजे आमच्या शेजारचे निवृत्त संस्कृत शिक्षक. मंडळाची घटना त्यांनीच लिहून दिलेली. झोपाळ्यावर बसून त्यांनी सगळं ऐकलं आणि इतके हसले की नानी आतून पाणी घेऊन आल्या.

‘मी काय लिहिलंय? सभासद या भागात राहणारी प्रौढ स्त्री असावी. राहते का ती?’

‘आज सकाळी सातपासून.’

‘किती दिवस राहिलेली असावी, ते मी लिहिलेलं नाही. मंडळाची पगारी आहे?’

‘नाही. साहेबांची आहे.’

‘मग झाली की अध्यक्ष. साहेबांची बायको असावी असं कुठे आहे? दाखव मला.’

आणि मग न विचारता शिकवायला लागले. ती त्यांची सवय. ‘अधि म्हणजे वर, अक्ष म्हणजे डोळा. वरून नजर ठेवतो तो अध्यक्ष. जुन्या राजांच्या कारभारात गायींचा अध्यक्ष असे, मिठाचा असे, होड्यांचा, दारूच्या गुत्त्यांचासुद्धा. गाय आटली का, कोणती वासराला पिऊ देत नाही, हे त्याला ठाऊक असायला हवं. बसायचं काम नव्हतं ते, उभं राहायचं. खुर्ची इंग्रज साहेबाबरोबर आली. त्याचा चेअरमन खुर्चीवरून नाव मिळवतो. आपण शब्द आपला ठेवला आणि अर्थ त्याचा घेतला.’

‘नाना, ठराव टिकेल का एवढं सांगा.’

‘टिकेल. पण तिला नीट सांगून विचार. तुम्ही फसवून सही घेतलीय.’

हे मात्र बरोबर होतं. मी बंगल्यावर गेले. मावशी मागच्या दारी भांडी लावत होत्या. मी सगळं सांगितलं: बालवाडी, पत्र, व्यायामशाळा, आमची रीत, आमची चूक. नको असेल तर ठराव मी रद्द करीन, तुम्हाला कोणी काही म्हणणार नाही. त्या भांडी पुसत ऐकत होत्या.

‘कितला पोरे शेतस?’ शेवटी विचारलं.

‘अठ्ठावीस.’

‘माले दखाडा.’

आम्ही बालवाडीत गेलो. मुलं नुकतीच झोपेतून उठत होती. त्यांनी दारात उभं राहून बोटाने मोजली. ‘सत्तावीस.’ बालवाडीच्या बाई म्हणाल्या, ‘एकीला ताप आहे.’ मावशींनी माठात डोकावून पाहिलं, पडवीच्या पत्र्याला हात लावून पाहिला, एका पोराची खरूज पाहिली आणि विचारलं, ‘याना मायले माहीत शे का?’ बाई म्हणाल्या, ‘तिला सांगितलंय, पण खाडा केला तर काम जातं.’ दोघी मग बराच वेळ कडुनिंबाच्या पाल्याबद्दल बोलत राहिल्या. मी नुसती उभी. इतक्या वर्षांत आमच्या अध्यक्षा इथे वर्षाला एकदा यायच्या, पेढे वाटायला. आणि मुलांना आधी अंघोळ घालून बसवलेलं असायचं.

निघताना बालवाडीच्या बाईंनी मला बाजूला घेतलं. ‘ताई, उद्या खोली गेली तर मी माझ्या घरात दहा घेईन. बाकीच्या अठरा जणांचं काय, ते आजच सांगा. मला त्यांच्या आयांना सांगावं लागेल. नंतर सांगून उपयोग नाही.’ त्यांचा आवाज नेहमीसारखाच करडा होता. मावशींनी ते ऐकलं.

‘सकाये कितला वाजता जानं शे?’

‘अकरा.’

‘साहेबना डबा साडेनवले जास. मंग मी मोकळी.’

साहेबांना मी रीतसर विचारलं. ते वर्तमानपत्रातून वर न बघता म्हणाले, ‘डबा गेल्यावर त्या काय करतात, हे मी कधी विचारलेलं नाही. आणि मावशी, माझ्या नावाने तिथे काही सांगू नका. तुमच्या नावाने सांगा.’ मला आधी वाटलं, अंग काढून घेतायत. आता वाटतं, एवढं नीट त्या दिवशी कोणीच बोललं नाही.

उपाध्यक्षांना निरोप पाठवला: ठराव कायम, उद्या अकराला पालिका. त्यांनी मोलकरणीबरोबर उलट निरोप दिला, ‘बरं. निदान चांगली साडी नेसायला सांगा, हवं तर माझी पाठवते, म्हणावं.’ साडी आली नाही, निरोप तेवढा आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेतून दोन तासांची सुटी घेतली आणि अकराला पाच कमी असताना मावशींना घेऊन पालिकेत पोचले. त्या कालचंच लुगडं धुऊन नेसल्या होत्या. व्यायामशाळेचे संस्थापक अध्यक्ष चार कार्यकर्त्यांसह बाकावर होते. छापील लेटरहेड, त्यावर मारुती. कारकुनाने माझ्याकडे पाहून विचारलं, ‘अध्यक्षा तुम्ही?’

‘ह्या.’

त्याने मावशींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘कोणाच्या मिसेस?’

‘पारोळाले ऱ्हातस मना मालक. त्यासनं काय काम शे?’ मावशी म्हणाल्या. बाकावर कोणीतरी हसलं.

आत अधिकारी होते, नुसतेच थकलेले. त्यांनी आधी व्यायामशाळेला विचारलं, ‘रोज किती मुलं येतात?’

‘शंभर-दीडशे, साहेब.’

‘कुठे येतात? जागा तर मागताय.’

‘जागा मिळाली की येतील, साहेब.’

मग आम्हाला. मी तोंड उघडलं, तर त्यांनी हाताने थांबवलं. ‘अध्यक्षांना बोलू द्या.’

‘अठ्ठावीस,’ मावशी म्हणाल्या. ‘काल सत्तावीस व्हतात, एक पोरले ताप शे. पडवीना पत्रा उत्तरना अंगे सडेल शे, पाऊस उना की पोरे भिजतीन. माठले झाकन नही. आया सांजले येतस, तवपर्यंत त्या बाई एकल्या ऱ्हातीस.’ आणि मग म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही एक डाव या ना. दखी जा. मंग ठरावा.’

अधिकाऱ्यांनी अर्ज पुढे केला. मावशींनी पेन घट्ट धरून सही केली. कालच्याइतकीच ठळक, सुटी सुटी. बाहेर कारकुनाने दुसऱ्या प्रतीवर पोचेचा शिक्का मारला. खोली मिळाली, असं अजून कोणी म्हटलं नव्हतं. सोमवारी पाहणीला माणूस येईल, तोवर आहे तसंच चालू द्या, एवढंच म्हटलं होतं.

मावशी बाजारातून मेथी घेऊन बंगल्यावर गेल्या. मी बालवाडीत जाऊन पोच बाईंच्या हातात दिली आणि सांगितलं, सोमवारपर्यंत कोणाच्याही आईला काही सांगू नका. त्यांनी कागद दोनदा वाचला, घडी घालून हजेरीपटात ठेवला आणि म्हणाल्या, ‘मग आज पत्र्याखालची चटई आत घेते.’ मी चटईचं दुसरं टोक धरलं. चटई आत लावून झाल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानातून माठाला ॲल्युमिनियमचं झाकण आणून दिलं, आणि वीस मिनिटं उशिरा शाळेत पोचले.